ब्रायरचा पाइप : तीन भोकं, एक सांधा (प्रकल्प नोंदी)

१० नोव्हेंबर २०२४ : लाकूड

तंबाखू ओढायचा लाकडी पाइप बनवायचं हे काम हवा कोरडी झाल्यावरच काढलं. बेळगावच्या पावसाळ्यात पाइपच्या नादी लागू नये. यात ८ मिमीच्या भोकाला दशांश मिमीचा हिशेब असतो, आणि जुलैत पाडलेलं भोक जानेवारीत त्याच मापाचं राहत नाही.

ज्यांनी टेबल-खुर्च्या, दारं-खिडक्या केल्या आहेत त्यांना वाटतं की पाइप म्हणजे कोरीव काम. बाहेरचा आकार हा यातला सोपा भाग आहे. तंबाखूची वाटी, धुराची वाट आणि नळीचा (तोंडात धरायच्या भागाचा) सांधा ही तीन भोकं एका रेषेत आली नाहीत, तर वरून कितीही घासा, तो पाइप शोभेचाच. म्हणून खाली भोकांवरच जास्त लिहिलं आहे.

लाकूड ब्रायरचं. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत होणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, ती ओली असतानाच कापून ब्लॉक करतात, मग ते उकळून, महिनोन् महिने सावलीत वाळवतात. इटलीचा माल सहज मिळतो. साधा चौकोनी ब्लॉक हजार-बाराशेला पडतो, टपाल आणि ड्युटी धरली की जवळपास दुप्पट. एक-एक मागवण्यापेक्षा चार-पाच एकदम मागवावेत, कारण दर ब्लॉकमागे पार्सलचा खर्च उतरतो आणि एखादा ब्लॉक आतून खराब निघणार हे धरूनच चालावं लागतं.

सरावासाठी बाभूळ. मोडक्या बैलगाडीच्या चाकाचे आरे मिळाले तर सोनं. वर्षानुवर्षं वाळलेलं, घट्ट लाकूड असतं. खिळे मात्र तपासून घ्यावेत. लोखंड आत राहिलं असेल तिथे बाभूळ काळी पडलेली दिसते, तो भाग कापून टाकावा. आऱ्याची जाडी पूर्ण ब्लॉकला पुरत नाही, पण भोकांच्या सरावाला पुरते. बाभळीचा पाइप ओढायला वापरू नये. बाभूळ चुलीत जशी धडधडून पेटते, तशीच वाटीतही पेटेल.

जुन्या पलंगाचं शिसव घरात पडलेलं असतं आणि हात तिकडेच वळतो. नको. शिसवाच्या भुशानेच अनेकांच्या अंगाला खाज सुटते, मग तापलेल्या शिसवातून ओढलेला धूर कशाला? सागाचंही तेच, शिवाय त्यात तेल.

१३ नोव्हेंबर : रेखाटन

पहिला पाइप सरळ, ‘बिलियर्ड’ आकाराचा. वाकडा पाइप दिसायला छान, पण त्यात धुराची वाट तिरपी जाते आणि कोन चुकायला जागा मिळते. तो नंतर.

पूर्ण मापाचं बाजूचं चित्र पातळ कागदावर काढून ब्लॉकवर चिकटवलं. मापं अशी: वाटीची बाहेरची उंची ४६ मिमी, बाहेरचा व्यास ३८, आतला व्यास पाऊण इंच म्हणजे १९, खोली ३८. तळाला ८ मिमी लाकूड उरतं, भिंत साडेनऊ. दांडा (वाटीतून निघणारा, ज्यात नळी बसते तो भाग) वाटीपासून ४५ मिमी लांब, १६ मिमी जाड. दांड्याच्या तोंडाशी सांध्याचं भोक ८ मिमी, २० मिमी खोल. तिथून पुढे वाटीपर्यंत ४ मिमीची वाट. ब्लॉक ९० × ५० × ४० असला तर चारी बाजूंना थोडी मोकळीक राहते.

या वाटेची मध्यरेषा वाटीच्या कडेपासून ३६ मिमी खाली. वाटीची खोली ३८ आणि वाट ४ मिमीची, म्हणजे वाटेचा तळ आणि वाटीचा तळ एका पातळीत येतात. सगळ्या चित्रातलं महत्त्वाचं माप हेच. वाट वर राहिली तर तळाशी ओला, न जळलेला तंबाखू साचतो आणि पाइप आंबतो. खाली गेली तर तळात चर पडतो आणि तिथलं लाकूड पातळ होतं.

रेषा कशा जातात ते ब्लॉक ओला करून बघावं. गाठीच्या गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या रेषा वाटीच्या कडेकडे उभ्या धावल्या तर दोन्ही गालांवर सरळ रेघा दिसतात आणि कडेवर ठिपके. आकार ठरवायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

१७ नोव्हेंबर : हत्यारं

खास पाइपसाठीचे बिट परदेशातून मागवता येतात. ती किंमत पहिल्या पाइपला परवडत नाही. पाऊण इंची फ्लॅट बिट (भोक पाडायचं चपटं पातं) घेतला आणि बेंच ग्राइंडरवर त्याचं टोक गोल, यू आकाराचं केलं. मधलं टोकदार नाक पूर्ण काढायचं. दोन्ही बाजूंच्या कापणाऱ्या धारांना मागून साधारण दहा अंशांचा उतार द्यायचा, नाहीतर बिट कापत नाही, घासतो. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचा. धार निळी पडली की तिचं पाणी (कडकपणा) गेलं, मग ती तेवढी पुन्हा घासून काढावी लागते.

नाक काढलेला बिट सुरुवातीला भरकटतो. म्हणून आधी १२ मिमीच्या साध्या ड्रिलने ३० मिमी खोल भोक, मग हा बिट.

सांध्यासाठी ८ मिमीचा टोकदार, लाकडाचा ड्रिल. वाटेसाठी ४ मिमीचा, आणि इथे बरेच जण अडतात. दुकानात मिळणारा नेहमीचा ४ मिमी ड्रिल एकूण ७५ मिमी लांब असतो, त्यात खोबणी फक्त ४३. आपल्याला दांड्याच्या तोंडापासून ६४ मिमी आत जायचं आहे. लाँग सिरीजचा ड्रिल मागायचा : ११९ मिमी लांब, खोबणी ७८. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या हत्यारांच्या दुकानांत तो सरळ मिळतो, किंमत किरकोळ.

२३ नोव्हेंबर : बाभळीवर भोकं, ड्रिल मशीनवर

आरा वाइसमध्ये धरून ड्रिल मशीनवर पाडलं. सांध्याचं भोक बरोबर आलं. ४ मिमीची वाट वाटीत निघाली ती मध्यापासून २ मिमी बाजूला. दुसऱ्या तुकड्यातही तसंच, फक्त दुसऱ्या बाजूला.

तुकडे उभे चिरले तेव्हा कारण दिसलं. लांब, बारीक ड्रिल लवचिक असतो. सांध्याच्या ८ मिमी भोकात त्याला कुठेच आधार नाही. भोकाच्या तळाला टेकल्यावर तो जिथे मऊ रेष मिळेल तिकडे घसरतो आणि मग तीच दिशा धरतो. दाब वाढवला की आणखी वाकतो.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात.

पहिला : बुश, म्हणजे ड्रिलला आधार देणारी छोटी नळकांडी. बाहेरून ८ मिमी, आतून ४ मिमी, २० मिमी लांब, पितळेचा. सांध्याच्या भोकात तो बसवायचा आणि त्याच्यातून ४ मिमीचा ड्रिल घालायचा. उद्यमबागेत कुठल्याही टर्नरला ‘पितळेचा बुश, एट बाय फोर’ एवढं सांगितलं की पुरतं. काय बनवताय हे सांगत बसू नये, अर्धा तास जातो.

दुसरा : काम ड्रिल मशीनवरून लेथवर न्यायचं. लेथवर लाकूड फिरतं आणि ड्रिल टेलस्टॉकमध्ये (लेथच्या समोरच्या, सरकत्या टोकात) स्थिर राहतो. लाकूड फिरत असलं की ड्रिल आपोआप मध्याकडे येतो, एका बाजूला पळत नाही. चौकोनी ब्लॉक धरायला चार स्वतंत्र जबड्यांचा चक हवा. तीन जबड्यांच्या चकात तो बसणारच नाही.

३० नोव्हेंबर : लेथवर, बुश लावून

आता तुकडे चिरून पाहिले तर वाट वाटीच्या ऐन मध्यात. क्रम असा ठेवला:

ब्लॉक चकात, दांड्याचं तोंड टेलस्टॉककडे. चित्रातली मध्यरेषा टेलस्टॉकच्या टोकाशी जुळेपर्यंत चारही जबडे मागेपुढे. याला वेळ लागतो, तो लागू दे. मग त्याच पकडीत, ब्लॉक न सोडता: तोंड सपाट करणं, ८ मिमीचं भोक २० खोल, बुश, ४ मिमीची वाट ६४ मिमीपर्यंत, आणि शेवटी दांड्याचा बाहेरचा गोल. ‘न सोडता’ हे अधोरेखित करावं. तोंड आणि भोक एकाच पकडीत झालं तर ते एकमेकांशी काटकोनात असतातच, गुण्या लावायची गरज राहत नाही. वेगवेगळ्या पकडीत केलं की नळी बसवल्यावर एका बाजूला केसभर फट दिसते आणि ती नंतर घासून जात नाही, वाढते.

४ मिमीच्या ड्रिलवर ६४ मिमीला चिकटपट्टीची खूण. दर ५ मिमीला ड्रिल पूर्ण बाहेर काढून भुसा झाडायचा. भुसा अडकला की ड्रिल तापतो आणि वाटेच्या भिंती करपतात. ६४ मिमी म्हणजे वाटीचा मध्य. त्यापुढे गेलं की समोरच्या भिंतीच्या तळाशी खड्डा पडतो.

दांडा कातताना ब्लॉकचे कोपरे बाहेर फिरत असतात आणि वेगात ते दिसत नाहीत. टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लावल्यावर चक आधी हाताने एक फेरा फिरवून बघायचा, आणि बोटं रेस्टच्या अलीकडेच.

मग ब्लॉक काढून काटकोनात फिरवून पुन्हा चकात, वाटीचं तोंड टेलस्टॉककडे. १२ मिमीचं भोक, मग यू बिट, मंद गतीवर. ३५ मिमीनंतर दर मिमीला थांबून दांड्यातून ४ मिमीची गुळगुळीत सळई घालून पाहायची. सळईचा तळ आणि वाटीचा तळ एक झाला की थांबायचं. इथे खोलीच्या मापापेक्षा सळईवर भरवसा ठेवावा.

८ डिसेंबर : ब्रायर

भोकं पहिल्या ब्लॉकला बरोबर आली. ब्रायर बाभळीपेक्षा कापायला गोड, रेष ड्रिलला ओढत नाही.

दुसऱ्या ब्लॉकमध्ये बाहेरचा आकार उतरवताना गालावर काळा खड्डा निघाला, टाचणीच्या डोक्याएवढा. गाठ वाढताना माती-खडे आत अडकतात, त्याचे हे खड्डे. बाहेरून कळत नाहीत. अर्धा मिमी आणखी काढलं तर कधी जातो, कधी मोठा होतो. इथे मोठा झाला.

लाकडाचा भुसा आणि गोंद भरून लपवणं सुतारकामात सर्रास चालतं. इथे नको, तापल्यावर भरलेला भाग वेगळा रंग दाखवतो आणि कधी सुटतो. खड्डा भिंतीत खोलवर जात नसेल तर संपूर्ण पृष्ठभाग खडबडीत करून टाकावा. लाकडी मुठीत चार-पाच पोलादी खिळे एकत्र ठोकून, टोकं धारदार करून हत्यार केलं. ते दाबून फिरवत गेलं की दगडासारखा पोत येतो. पितळी ब्रशने साफ करायचं. खड्डा त्यात हरवतो. गुळगुळीत पाइपला जास्त किंमत येते हे खरं, पण हातात धरायला खडबडीत पाइप जास्त थंड लागतो.

फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंग करून असा पोत मिळेल का, हे बाभळीच्या तुकड्यावर पाहिलं. नाही. पोलादी गोळ्या लाकूड खात नाहीत, ठेचतात. शिवाय लोखंडाची धूळ बसून, बाभळीतल्या टॅनिनमुळे दोन दिवसांत निळे-काळे डाग उमटले. ब्लास्टिंग करायचंच तर काचेच्या बारीक मण्यांचं, कमी दाबावर, आणि ज्या मशीनमध्ये आधी लोखंड गेलं नाही अशाच.

२१ डिसेंबर : नळी

एबोनाइटचा (गंधक घालून कडक केलेल्या रबराचा) रॉड, १८ मिमी. फाउंटन पेन बनवणारे हाच वापरतात, त्यामुळे भारतात मिळतो. अॅक्रिलिक चकाकतं जास्त, पण दाताला कडक लागतं आणि ड्रिल बाहेर पडताना टवका उडतो. एबोनाइट कापताना गंधकाचा वास येतो. वास तीव्र झाला म्हणजे माल तापला, गती कमी करावी. त्याची आणि लाकडाची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नये. नाकाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा.

सांध्याचा खुंट (नळीतून निघून दांड्याच्या भोकात बसणारा भाग) डेलरिन या कडक प्लास्टिकचा. ८ मिमी रॉड, प्लास्टिकच्या दुकानात किलोवर मिळतो, मापभर तुकडा कुणी फुकटही देतो. नळीच्या टोकाला ८ मिमीचं, १२ मिमी खोल भोक पाडून खुंट अॅराल्डाइटने बसवला. डेलरिनला कुठलाच गोंद नीट धरत नाही. गुळगुळीत खुंट बसवलेली नळी रात्रभर ठेवूनही पहिल्याच पिळ्याला सुटली. खुंटावर करवतीने तीन-चार गोल खाचा पाडल्या, खरखरीत कागदाने घासला, तेव्हा गोंद खाचांत अडकून बसला. वाटेचं ४ मिमी भोक खुंट चिकटल्यावरच पाडावं, म्हणजे नळी आणि खुंट दोन्हींत ते एकाच रेषेत येतं.

खुंट नळीबाहेर किती ठेवायचा? सांध्याच्या भोकाच्या खोलीपेक्षा अर्धा मिमी कमी. २० मिमीला साडेएकोणीस. आधी १७ ठेवला होता, दिसायला काहीच फरक नाही, पण आतल्या ३ मिमीच्या पोकळीत वाफ थंड होऊन पाणी साचतं आणि ओढताना गुडगुड होते. पूर्ण २० ठेवला तर खुंट तळाला टेकतो आणि बाहेर फट राहते.

दाताकडचं टोक ४ मिमी जाड, त्यापलीकडे ओठाला अडवणारी छोटी कड. मधलं भोक तिकडे २ मिमीपर्यंत बारीक करत नेलं आणि शेवटी सोनारांच्या बारीक करवतीने आडवं, पंख्यासारखं फाकवलं. सोनारकामाच्या दुकानातल्या कानशीही इथे लागतात. सुताराकडची कुठलीच कानस त्या फटीत जात नाही. ही फट आतून गुळगुळीत करायला जेवढा वेळ गेला तेवढा वाटी कातायलाही गेला नाही. पण दातात पाइप धरणाऱ्याला सगळ्यात आधी जाणवतं ते हेच.

नळी किंचित वाकवायची तर आत पाइप क्लीनर (तारेवर धागे गुंडाळलेली बारीक काडी) घालायचा, म्हणजे भोक चेपत नाही. हॉट एअर गनने सगळीकडून हळूहळू तापवायची, हाताला मऊ लागली की वाकवून थंड पाण्यात. एका जागी गन धरली की तिथे फोड येतो.

५ जानेवारी २०२५ : घासकाम

कानशीने आकार, मग १२०, २२०, ३२०, ४००, ६०० नंबरचे कागद. नळी दांड्यात बसवूनच दोन्ही एकत्र घासायचे, म्हणजे सांध्यावर बोट फिरवलं तर पायरी लागत नाही. कागदाखाली सपाट लाकडी पट्टी ठेवावी. नुसत्या बोटाने घासलं तर एबोनाइट आणि ब्रायर सारखे झिजत नाहीत आणि सांध्याशी दरी पडते. प्रत्येक नंबरनंतर लाकूड ओलसर फडक्याने पुसून वाळू द्यायचं. उभे राहिलेले तंतू पुढच्या कागदात जातात. २२० चे ओरखडे ६०० पर्यंत लपून राहतात आणि रंग लावल्यावर दिसतात. २२० वर घाई करू नये.

१२ जानेवारी : रंग आणि चमक

स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग. आधी काळा, सगळीकडे. वाळल्यावर ४०० ने घासून काढला, तेव्हा काळा फक्त रेषांत राहिला. वरून तपकिरी. वाटीत आणि सांध्याच्या भोकात आधी बूच घालून ठेवायचं, आत रंग नको.

सुताराच्या हाताला चपडी पॉलिशची सवय. एका तुकड्यावर लावून गरम केलं, कडेशी लगेच चिकट झालं. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) तर तापून फुगतात आणि लाकडाचा श्वास कोंडतात. कर्नोबा मेण लावायचं. ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून बफवरच (मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकावरच) चढवावं लागतं, फडक्याने चढत नाही.

बफचा वेग बघून घ्या. साध्या बेंच ग्राइंडरची मोटर मिनिटाला २८०० फेऱ्यांची असते. तिच्यावर १५० मिमीचा बफ लावला तर एबोनाइटच्या कडा वितळून गोल होतात आणि कामच हातातून उडतं. १४४० ची मोटर घ्यावी, जुनी चालेल. ट्रिपोलीला (खरखरीत पॉलिशला) एक चाक, पांढऱ्या पॉलिशला दुसरं, मेणाला तिसरं. एकाच चाकावर सगळं केलं तर ट्रिपोलीचे कण मेणातही ओरखडे काढत राहतात.

१९ जानेवारी : वाटीचा लेप आणि तपासणी

कोऱ्या लाकडावर पहिल्याच विस्तवाने चटका बसू नये म्हणून आत लेप. घट्ट, पाणी काढलेलं दही आणि अॅक्टिव्हेटेड चारकोलची पूड, गंधाएवढं दाट. वाटेत पाइप क्लीनर घालून ठेवायचा, नाहीतर लेप तिथे जाऊन बसतो. बोटाने पातळ थर, दोन दिवस सावलीत. दह्याचा वास वाळल्यावर जातो. जाड थर चिरा पडून पापुद्रे सोडतो, मग खरवडून पुन्हा लावावा लागतो.

तपासणी बिनतंबाखूची. पाइप क्लीनर नळीच्या टोकातून घालून, पाइप न उघडता, थेट वाटीच्या तळाला यायला हवा. अडला तर खुंटाच्या टोकाची आतली कड मारून घ्यायची. नुसती हवा ओढून बघायची: शिट्टीसारखा आवाज आला तर वाटेत कुठेतरी पायरी आहे. पाइप बनवायला पाइप ओढणारा असावं लागत नाही, आणि तंबाखूचे तोटे सांगायची इथे गरज नाही.

ज्याला द्यायचा तो ओढणारा असेल तर एवढं सांगून ठेवावं की निपाणीकडचा बिडीचा तंबाखू यात भरू नये. तो जोरकस तर असतोच, पण रवाळ असतो. ४ मिमीच्या वाटेतून सरळ तोंडात येतो. पाइपला लांब कापलेला, किंचित ओलसर तंबाखू लागतो.

२२ जून : पहिल्या पावसानंतर

खानापूरकडे पाऊस लागला आणि घरातली हवा बदलली. नळी दांड्यात घट्ट झाली, पिळूनही निघेना. लाकूड फुगलं आहे, डेलरिन तेवढंच आहे. जोर करून पिळलं तर दांड्याच्या तोंडाशी ४ मिमीची भिंत चिरते. पाइप एक दिवस तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर नळी सुटली. खुंट घासू नका, नाहीतर डिसेंबरात तो सैल पडेल. खुंटावर मऊ पेन्सिलीचं शिसं चोळलं, एवढ्याने सध्या काम चाललं आहे. पुढच्या ब्लॉकला सांध्याचं भोक पाडून झाल्यावर तो एक पावसाळा तसाच ठेवायचा आणि खुंट थंडीत बसवायचा असं ठरवलं आहे.